एकाच अल्बमची दोन प्रेसिंग वेगळी का वाजतात, आणि त्यांची तुलना कशी करावी

लेड झेपलिनचा दुसरा अल्बम अटलांटिक कंपनीने ऑक्टोबर १९६९ मध्ये काढला. तेव्हापासून तो अनेक देशांत, अनेक कारखान्यांत, पुन्हा पुन्हा छापला गेला आहे. अशा प्रत्येक छपाईला प्रेसिंग म्हणतात. कव्हर तेच, गाणी तीच, क्रमही तोच. तरी दोन वेगळ्या प्रती एकापाठोपाठ लावल्या तर एकीत बास ड्रमचा ठोका थेट छातीवर येतो आणि दुसरीत तोच ठोका दबलेला, मागे सरकलेला वाटतो. हा कानांचा भास नाही. पण हा फरक कशामुळे पडतो, याबद्दल गैरसमज फार आहेत आणि त्यातले बरेचसे कव्हरवरच्या स्टिकरमुळे पसरलेले आहेत. ‘१८० ग्रॅम’ किंवा ‘रिमास्टर्ड’ या शब्दांवरून आवाजाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. रेकॉर्ड कोणत्या टेपवरून कापली (म्हणजे तिचा चर कोरला), कोणी कापली आणि हातातली प्रत कशी छापली गेली, या तीन गोष्टी आवाज ठरवतात. पैकी पहिल्या दोन गोष्टींचा माग बहुतेक वेळा रेकॉर्डवरच सापडतो. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी मोकळी, चकचकीत पट्टी असते तिला रन-आउट म्हणतात. तिथे बघायची सवय लावून घ्या.

टेपपासून लॅकरपर्यंत

स्टुडिओत मिक्सिंग संपलं की दोन ट्रॅकची मास्टर टेप तयार होते. त्या काळात ती साधारणपणे पाव इंच रुंद असे आणि सेकंदाला १५ किंवा ३० इंच वेगाने फिरे. रेकॉर्ड याच टेपवरून कापलेली असेल तर उत्तम. पण मूळ टेप सहसा देशाबाहेर जात नसे. परदेशी कंपन्यांना तिची नक्कल मिळे, कधी कधी नकलेची नक्कल. दर नकलेत टेपचा ‘सस्स’ आवाज वाढतो, पहिल्याच नकलेत साधारण ३ डेसिबलने. झांजेचा आणि स्नेअर ड्रमचा पहिला तडाखाही थोडा बोथट होतो. शिवाय कटिंग सोपं जावं म्हणून नकलेत बेस आधीच छाटलेला आणि चढउतार दाबलेले असण्याची शक्यता असते. म्हणून कोणत्याही अल्बमबाबत पहिला प्रश्न एकच विचारायचा: मूळ टेप होती कुठे?

त्याचं उत्तर बँड कुठली यावरून काढू नका. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, त्यामुळे १९७३ चं हार्वेस्ट लेबलचं ब्रिटिश प्रेसिंग मूळ टेपच्या जवळचं धरता येतं. लेड झेपलिनही इंग्रजच. पण त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं मिक्सिंग ध्वनी इंजिनिअर एडी क्रॅमर आणि बँडचा गिटारवादक जिमी पेज यांनी न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत केलं आणि लॅकर तिथल्याच स्टर्लिंग साउंड या कटिंग स्टुडिओत इंजिनिअर रॉबर्ट लडविग यांनी कापले. या अल्बमपुरतं मूळ प्रेसिंग अमेरिकन आहे.

लॅकर म्हणजे ॲल्युमिनियमची चकती, वर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर. कटिंग लेथ या यंत्रावरची तापवलेली सुई त्यात चर कोरत जाते. आवाजाचं नशीब ठरतं ते इथे, कारण कटिंग इंजिनिअरला सतत तडजोड करावी लागते. आवाज मोठा ठेवला तर चर जास्त डोलतो आणि जागा जास्त खातो. बेस भरपूर ठेवला तरी तेच. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाच्या रेकॉर्डवर एका बाजूला १८ ते २० मिनिटं ऐसपैस बसतात. २५ च्या पुढे गेलं की पातळी खाली आणावी लागते किंवा बेस कमी करावा लागतो, आणि पातळी खाली आली की पृष्ठभागाची खरखर तुलनेने वर येते.

दुसरी अडचण लेबलजवळची. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकतो आणि शेवटच्या गाण्यापर्यंत हा वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. तितक्याच कंपनांना निम्म्याहून कमी जागा मिळते. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, झांजा चरचरतात. अल्बम दोन रेकॉर्डवर, ४५ च्या वेगाने कापला की हाच आतला वेग २८ सेंटिमीटरपर्यंत जातो. ४५ च्या पुनर्मुद्रणांना शेवटच्या गाण्यात खरोखर फायदा होतो तो यामुळे. दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते, हा त्याचा तोटा.

हाफ-स्पीड कटिंगमध्ये टेप आणि लेथ दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. वरचे सूर कोरणं त्यामुळे सोपं होतं, पण अगदी खालचा बेस नीट सांभाळणं कठीण जातं. मोबाईल फिडेलिटी या पुनर्मुद्रणं काढणाऱ्या कंपनीने १९७९ मध्ये ‘डार्क साइड’ची अशी आवृत्ती काढली होती. पद्धत चांगली आहे, पण मूळ टेप आणि कापणाऱ्याचा कान यांची बरोबरी ती करू शकत नाही.

आता लडविग यांच्या कटिंगची गोष्ट, कारण झेपलिनच्या दुसऱ्या अल्बमची सगळी चर्चा तिच्याभोवती फिरते. त्यांनी पातळी खूप वर ठेवली आणि ड्रम-बेसचा जोर जवळपास न दाबता कापला. ते कटिंग एका स्वस्त प्लेअरवर सुई उडवू लागलं, म्हणून कंपनीने ते मागे घेऊन आवाज दाबून पुन्हा कापून घेतलं, अशी हकीकत लडविग यांनी स्वतः नंतर सांगितली आहे. पहिलं कटिंग सदोष नव्हतं. त्या काळच्या हलक्या प्लेअरना ते झेपत नव्हतं. आजच्या नीट जुळवलेल्या टोनआर्म (सुईचा हात) आणि काट्रिजवर (हाताच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) ते बिनघोर वाजतं. त्याचे ठोके नंतरच्या कटिंगमध्ये नाहीत, आणि तितका जोर मला पुनर्मुद्रणांतही सापडत नाही.

रन-आउटवर काय वाचायचं

खोलीतला दिवा बंद करा. एकच लहान टॉर्च रेकॉर्डच्या पातळीला समांतर धरा आणि रेकॉर्ड हळूहळू तिरपी करा. कोरलेली अक्षरं सरळ प्रकाशात दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशात उठून येतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम.

काही अक्षरं हाताने खरडलेली दिसतील, काही यंत्राने ठोकलेली. कंपनीचा मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या कटिंगची ओळख, दोन्ही प्रकारांत सापडतो. लडविग यांच्या कटिंगमध्ये हाताने खरडलेलं ‘आरएल’ असतं, सोबत स्टर्लिंग साउंडचं ‘एसएस’. इतरांच्याही खुणा ठरलेल्या आहेत. ‘पोर्की’ म्हणजे ब्रिटनचे जॉर्ज पेकहॅम, ‘टीएमएल’ म्हणजे द मास्टरिंग लॅब, ‘बीजी’ म्हणजे बर्नी ग्रंडमन. अमेरिकन अटलांटिकच्या रेकॉर्डवर कारखान्याचीही खूण मिळते. मॅट्रिक्सच्या शेवटी ‘पीआर’ असेल तर प्रेसवेल, ‘एमओ’ असेल तर मोनार्क.

लेबलवरचा पत्ता काळ सांगतो, कटिंग सांगत नाही. अटलांटिकच्या लेबलवर १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत १८४१ ब्रॉडवे हा पत्ता होता, पुढे ७५ रॉकफेलर प्लाझा आला. पहिलं कटिंग मागे घेतलं गेलं तेव्हा ब्रॉडवेचाच पत्ता चालू होता. त्यामुळे ‘ब्रॉडवे लेबल, पहिली आवृत्ती’ अशी जाहिरात बघून आरएल प्रत मिळेल असं समजू नका. विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंच्या रन-आउटचा स्पष्ट फोटो मागा. एका बाजूला आरएल आणि दुसऱ्या बाजूला नंतरचं कटिंग, अशा प्रतीही निघालेल्या आहेत.

ब्रिटनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची पद्धत तर वाचायला मजेची आहे. मॅट्रिक्स क्रमांक वाचता येईल अशा रीतीने खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. नऊच्या जागी मदरचा क्रमांक असतो आणि तीनच्या जागी एक-दोन अक्षरं, म्हणजे स्टँपरचा क्रमांक. (मदर आणि स्टँपर हे छपाईसाठी लॅकरपासून बनवलेले धातूचे साचे; ते पुढे येतीलच.) अक्षरांची किल्ली ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावाच्या इंग्रजी संक्षेपातून घेतली आहे: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. ‘आरए’ दिसलं तर तो २३ वा स्टँपर. छपाईत ती प्रत किती लवकरची, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कळतं.

स्टँपर, छपाई आणि वजन

कापलेल्या लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. निकेलचा हा पहिला उलटा साचा म्हणजे फादर. त्यावरून सुलटी मदर आणि मदरवरून पुन्हा उलटे स्टँपर. एका स्टँपरवरून साधारण हजार-दीड हजार रेकॉर्ड निघतात, मग चराच्या बारीक कडा झिजू लागतात. म्हणून अगदी तोच मॅट्रिक्स असलेल्या दोन प्रतींतही फरक पडू शकतो: एक नव्या स्टँपरची पन्नासावी, दुसरी थकलेल्या स्टँपरची शेवटची. एक प्रत ऐकून अख्ख्या प्रेसिंगवर निकाल देणं अन्यायाचं आहे. शक्य असेल तर निदान दोन ऐका.

छपाईत वाफेने तापलेल्या साच्यांमध्ये पीव्हीसीचा गोळा शंभरेक टनांच्या दाबाखाली पसरतो, लगेच थंड होतो आणि रेकॉर्ड बाहेर येते. सगळं अर्ध्या मिनिटाच्या आसपास. घाई केली की दोष राहतात. प्लास्टिक चराच्या तळापर्यंत नीट भरलं नाही तर कापड फाडल्यासारखा ‘चर्रर’ आवाज येतो, बहुधा एकाच चॅनेलमध्ये. हा दोष धुऊन जात नाही. प्रत बदलून घ्या. पुरेशी थंड होण्याआधी काढली तर रेकॉर्ड वाकते.

मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं असेल तर सूर वर-खाली डोलतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, तर ६० मिलिमीटर त्रिज्येवर सूर दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ टक्के हलतो, म्हणजे जवळपास अर्ध्या सुराचा सातवा भाग. गिटारच्या गोंगाटात ते लपतं, पियानोच्या लांबलेल्या सुरात उघडं पडतं. तपासायला सोपं आहे: काट्रिज समोरून बघा. दर फेऱ्याला टोनआर्म डावी-उजवीकडे झुलत असेल, तर दोष भोकाचा.

वजनाचं म्हणाल, तर १४० आणि १८० ग्रॅममध्ये चराची खोली तीच असते. जड रेकॉर्ड सपाट राहायला थोडी मदत होते, बस. ‘जाड रेकॉर्डला सुईचा कोन बदलावा लागतो’ हाही सल्ला वारंवार ऐकू येतो. २३० मिलिमीटरच्या टोनआर्मवर कोन एका अंशाने बदलायचा तर बुंधा ४ मिलिमीटर उचलावा लागतो. जाडीतल्या अर्ध्या मिलिमीटरने कोन जेमतेम ०.१२ अंशाने हलतो. त्यासाठी दर रेकॉर्डला टोनआर्मची उंची फिरवत बसू नका.

डिजिटल पायरीचा प्रश्न

टेपवरून कापताना लेथला पुढे येणारा आवाज एक फेरा आधी कळावा लागतो, म्हणजे चरांमधलं अंतर तो जुळवून घेतो. त्यासाठी टेप मशीनला आधीचं एक जास्तीचं हेड लागतं. असं मशीन नसलेल्या स्टुडिओंनी पुढे डिजिटल विलंब वापरायला सुरुवात केली, आणि त्यात कापणाऱ्या हेडकडे जातो तो विलंबित, म्हणजे डिजिटल झालेला आवाज. ‘मूळ टेपवरून’ असं लिहिलेली रेकॉर्ड पूर्ण ॲनालॉग असेलच असं नाही. २०२२ मध्ये मोबाईल फिडेलिटीच्या अनेक नावाजलेल्या आवृत्त्यांत डीएसडी या डिजिटल ध्वनिमुद्रण पद्धतीची पायरी असल्याचं उघड झालं. खरेदीदारांचा राग रास्त होता, कारण त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पण त्याच रेकॉर्डना वर्षानुवर्षं उत्तम आवाजाची दाद मिळत होती, हेही तितकंच खरं. डिजिटल पायरी असणं वाईट नाही. सीडीसाठी दाबून मोठा केलेला मास्टर तसाच रेकॉर्डवर ओतणं वाईट.

तसं झालंय का, हे बघायला काही जण रेकॉर्ड संगणकावर घेऊन डायनॅमिक रेंजचा (आवाजातल्या चढउताराचा) आकडा काढतात. तो आकडा फसवा आहे. चर, काट्रिज आणि फोनो स्टेज (काट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) यांतून जाताना लाटेचे सपाट कापलेले माथे पुन्हा टोकदार दिसू लागतात, आणि दाबलेला मास्टरही रेकॉर्डवर काही डेसिबल मोकळा असल्याचा आकडा येतो. आकडा सोडा, ड्रम ऐका.

तुलना करताना

आधी धुलाई. दोन्ही प्रती एकाच पद्धतीने धुवा, नाहीतर प्रेसिंगऐवजी धुळीची तुलना होईल. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात फोटो धुण्याच्या कामात वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) चार-पाच थेंब पुरतात. मऊ ब्रशने चराच्या दिशेने फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा. हे दुसरं धुणं टाळलं तर वाळलेलं द्रावण चरात राहतं आणि सुईवर गोळा होतं. नवी रेकॉर्डही धुवा. आतल्या कागदी पाकिटाचा भुसा तिच्यावर असतोच.

काट्रिज, सुईचा भार, टोनआर्मची उंची, यातलं काहीही दोन प्रतींच्या मध्ये बदलू नका. भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. हलक्या भारात सुई चर सोडते आणि तो दोष आपण प्रेसिंगच्या माथी मारतो. पहिली बाजू तुलनेला धरू नका, काट्रिजचं रबर एखादी बाजू वाजल्यावरच नीट सैलावतं.

मग सगळ्यात महत्त्वाचं: आवाजाची पातळी जुळवणं. दोन कटिंगमध्ये २ ते ४ डेसिबलचा फरक सहज असतो, आणि जी प्रत किंचित मोठी वाजते ती आपल्याला चांगली वाटते, ऐकणारा कितीही तयार असला तरी. बटण फिरवून कानाने जुळवलेली पातळी पुरेशी होत नाही. दोन्ही प्रती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर संगणकात घ्या, रेकॉर्डिंगची सर्वोच्च पातळी शून्याच्या खाली ६ डेसिबल ठेवा. मग एक संथ, भरलेला, सारखा तुकडा निवडून त्याची सरासरी पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळवा. पूर्ण बाजूची सरासरी घेऊ नका. एका कटिंगमध्ये ठोके दाबलेले असतील तर ती सरासरी दिशाभूल करते.

आता डोळे मिटून ऐकायची सोय करा. एबीएक्स चाचणीचा प्रोग्राम कोणती फाइल वाजतेय ते लपवतो आणि तुम्ही ओळखायचं. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलं तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. आरएल आणि दाबलेलं कटिंग यांच्यात हे सहज जमतं. एकाच कटिंगच्या दोन कारखान्यांच्या प्रतींत अनेकदा जमत नाही, आणि तसं झालं तर महागडी प्रत घ्यायचं कारण उरत नाही.

ऐकायचं काय? बास ड्रम आणि बेस गिटार एकाच क्षणी वाजतात तिथे दोन वेगळे आवाज ऐकू येतात की एकच ढुम्म? झांज वाजल्यावर तिचा आवाज विरत जातो की फवाऱ्यासारखा पसरून तुटतो? गाणं हळूहळू मिटत जातं तिथे टेपचा ‘सस्स’ ऐका. तो शेवटपर्यंत गाण्यासोबत असेल तर चांगली खूण. अचानक गायब झाला तर कोणीतरी गोंगाट काढायच्या नादात गाण्याची शेपूटही छाटली आहे.

जोराचा सूर यायच्या आधी त्याचीच पुसट सावली ऐकू आली तर ती कुठून आली, तेही तपासता येतं. शेजारच्या चराने भिंत ढकलल्यामुळे असेल तर ती बरोबर १.८ सेकंद आधी येते, कारण ३३⅓ वेगाला एक फेरा तितक्या वेळात होतो. तीच सावली डिजिटल आवृत्तीतही असेल तर ती टेपवरची आहे. झेपलिनच्या याच अल्बमच्या पहिल्याच गाण्याच्या उत्तरार्धात गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज आधी लांबून, मग जवळून येतो. तिथे एका ट्रॅकवरचा आवाज दुसऱ्यावर गळलेला होता. मिक्सिंग करताना तो काढता येईना, म्हणून त्यावर प्रतिध्वनी चढवून ठेवून दिला. ते प्रत्येक प्रेसिंगमध्ये ऐकू येईल आणि यायलाच हवं.

शेवटच्या गाण्यात आवाज फाटत असेल, तर दोष कटिंगचा की झिजेचा हे ठरवायला वेगळ्या घडणीची सुई लावून बघा. लाइन-काँटॅक्ट सुई चराच्या भिंतीला वेगळ्या जागी टेकते, जिथे जुनी गोल सुई पोचलीच नव्हती. तिने आवाज स्वच्छ आला तर चर झिजलेला होता आणि कटिंग निर्दोष. फाटका आवाज उजव्या चॅनेलमध्ये जास्त असेल तरी संशय झिजेवरच घ्या. अँटी-स्केटिंग (टोनआर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून केलेली सोय) नसलेल्या प्लेअरवर वाजलेल्या प्रतींची ही ओळखीची खूण आहे.

निकाल लिहून ठेवताना नुसतं ‘अमेरिकन, १९६९’ असं लिहू नका. दोन्ही बाजूंच्या रन-आउटवरचं अक्षर न् अक्षर, हाताने खरडलेलं आणि ठोकलेलं वेगळं दाखवून उतरवा, आणि बाजू एक आणि बाजू दोन यांचा निकालही स्वतंत्र द्या. त्या दोन बाजू एकाच दिवशी, एकाच माणसाने कापल्या असतील असं गृहीत धरता येत नाही.